बीटच्या गावचा बेसबॉल

मी आयुष्यात एकदाही बॅट हातात धरलेली नाही, तरी सात उन्हाळे मी एका बेसबॉल क्लबची स्कोअरर होते. केंब्रिजपासून गाडीनं तासाभरावरचं आमचं गाव. एक लहानसं हॉस्पिटल, एक साखर कारखाना आणि नजर पोचेल तिथपर्यंत बीटची शेतं. नवरा हाडांचा डॉक्टर, मी टेक्निकल कॉलेजात गणित शिकवायचे. माहेर सांगली, त्यामुळे साखर कारखान्याचा वास मला नवा नव्हता. फक्त इथे तो उसाऐवजी बीटचा यायचा.

गावाजवळ अमेरिकन हवाई तळ होता. तिथून निवृत्त झालेल्या एका सार्जंटनं गावातल्या हेअरड्रेसरशी लग्न केलं आणि तो इथेच राहिला. त्यानं आधी गॅरेज काढलं आणि मग बेसबॉलचा क्लब. ऐंशीच्या दशकात इंग्लंडच्या खेड्यात बेसबॉल म्हणजे लोकांच्या लेखी मोठ्या माणसांनी शाळकरी मुलींचा राउंडर्स नावाचा बॅट-चेंडूचा खेळ खेळणं. माझा मुलगा शाळेच्या क्रिकेटमध्ये बारावा खेळाडू यापलीकडे कधी गेला नव्हता, तो सोळाव्या वर्षी या क्लबात जायला लागला. पहिल्या शनिवारी मी त्याला आणायला गेले तेव्हा पाऊस पडत होता आणि कोच, म्हणजे तो सार्जंटच, एका भिजलेल्या कागदावर काहीतरी खोडत उभा होता.

"मॅम, तुम्हाला चारपर्यंत मोजता येतं का?" त्यानं विचारलं.

"मी गणित शिकवते."

"मग आज तीनपर्यंतच मोजा. आमचे तीन आउट झाले की सांगा. माझी पोरं चौथा आउट झाला तरी खेळत राहतात."

अशी मी स्कोअरर झाले. पुढच्या शनिवारी मी घरून आखलेली वही घेऊन गेले. प्रत्येक चेंडूची नोंद, प्रत्येकाची सरासरी, लाल पेन्सिल, निळी पेन्सिल. पहिली दोन वर्षं त्या वहीत आमच्या पराभवांशिवाय काही नव्हतं, पण पराभव फार सुबक मांडलेले होते.

तिसऱ्या वर्षी पिचर आला. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा. बीटच्या शेतकऱ्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा, सहा फूट दोन इंच, आणि दिवसाला साधारण दहा शब्द बोलणारा. लहानपणापासून चालत्या ट्रेलरमध्ये बीट भिरकावून त्याचा हात असा बसला होता की चेंडू दिसायच्या आधी ऐकू यायचा. तो चेंडू झेलायला, बॅटवाल्याच्या मागे उकिडवं बसायला कुणी तयार होईना. माझा मुलगा बसला. त्याची पुण्याची आत्या त्याला जमिनीवर नीट मांडी घालता येत नाही म्हणून नावं ठेवायची, तो आता शनिवारचे तीन तास उकिडवा असायचा. त्या दोघांच्या जोरावर आम्ही त्या उन्हाळ्यात आमच्या भागातला कप जिंकलो. स्थानिक पेपरात फोटो आला. खाली सगळ्यांची ओळख होती, आणि माझ्यापुढे लिहिलं होतं, 'चहा करणाऱ्या बाई'.

कपानंतरच्या मोसमात एक पाहुणा दिसायला लागला. निळा ट्रॅकसूट, गळ्यात स्टॉपवॉच. मैदानाच्या कडेला एकटाच बसलेला. मला वाटलं कुणाचे तरी वडील असतील. मी त्याला फ्लास्कमधला चहा दिला, डब्यातला चिवडा दिला. त्यानं वहीकडे बघून "वा, काय सुंदर काम आहे" म्हटलं. सात वर्षांत तेवढं म्हणणारा तो एकटाच. मी हुरळले. पिचरचे सगळे आकडे दाखवले, कॅचरचे, म्हणजे माझ्या मुलाचे, दाखवले, गेल्या वर्षीचे शेवटच्या पानावर आहेत तेही काढून दाखवले. त्यानं दोन पानं उतरवून घेतली आणि चिवड्याची कृती विचारली.

दोन आठवड्यांनी कोच घरी आला. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "लंडनच्या एका मोठ्या क्लबनं आपल्या पिचरला बोलावलंय. त्यांना त्याची सरासरी तीन दशांश स्थळांपर्यंत माहीत आहे. कशी, तेच कळत नाही."

मी त्याला आणखी चहा हवा का म्हणून विचारलं.

पिचरला थांबवायचं कसं, यावर आमच्या बैठकीच्या खोलीत मीटिंग झाली. कोचच्या बायकोनं जन्मभर फुकट केस कापायचं कबूल केलं. आमचे डॉक्टर म्हणाले, "मी हाताखालचे तीन रजिस्ट्रार डॉक्टर तयार केले, तिघंही केंब्रिजला गेले. त्यांना थांबवायला मी काय केलं विचारा."

"काय केलं?" कोचनं आशेनं विचारलं.

"रेफरन्स लिहून दिला."

शेवटी कोचनं पिचरलाच विचारलं, तुला काय हवंय. तो गालिच्याकडे बघत म्हणाला, "गरम पाण्याचा शॉवर."

मैदानाजवळ एक पत्र्याची शेड होती. पुढचे चार रविवार कोच, आमचे डॉक्टर आणि अर्धी टीम तिथे नळ जोडत होती. माणसाचं मोडलेलं ढोपर बिनचूक जोडणारा माझा नवरा पाइपाच्या एका वळणापुढे हतबल झाला. पहिल्यांदा पाणी उकळतं आलं, मग बर्फासारखं, मग पलीकडच्या शेतात. पाचव्या रविवारी ते जमलं. पिचरनं वीस मिनिटं अंघोळ केली. लालबुंद होऊन बाहेर आला, सगळ्यांशी हात मिळवले आणि म्हणाला, "फार छान आहे. थँक यू. मी पुढच्या आठवड्यात लंडनला जातोय."

कोच बराच वेळ शॉवरकडे बघत उभा होता. मग आत जाऊन त्यानंही अंघोळ केली.

मुलाला मी त्याच संध्याकाळी, गाडीतच विचारलं, "तू तर नाही ना जाणार?"

त्याचं मराठी घरापुरतंच होतं. "आई, ती माणूस मला पण विचारला. तुझी वही बघून. पण मी लंडनला नाही म्हटली."

"नाही म्हटलं."

"तेच. मी ब्रिस्टलला जाणार. युनिव्हर्सिटीत. विमानाची इंजिनिअरिंग. तिथे पण एक टीम आहे."

चूक दुरुस्त करायच्या नादात मला रडायला वेळ मिळाला नाही. रडले ते दुसऱ्या दिवशी, कॉलेजच्या फोटोकॉपी मशिनपाशी.

तो गेल्यावरही मी स्कोअररचं काम सोडलं नाही. आणि ठरवलं की आता आमचे आकडे कुणाला मिळणार नाहीत. मी वही मराठीत लिहायला लागले. आकडे मराठी, शेरे मराठी. 'हात चांगला, डोकं नाही.' 'धावतो छान, चुकीच्या दिशेला.' पेपरचा वार्ताहर एकदा वहीवरून निकाल उतरवून घेऊन गेला. आमचा '४' त्याला 8 वाटला. पाचाविरुद्ध चार असा हरलेला सामना आम्ही जिंकल्याचं छापून आलं. समोरच्या टीमनं तक्रार केली. आमच्या टीमनं कात्रण काढून शेडमध्ये लावलं.

त्या काळात आमच्याकडे एक शॉर्टस्टॉप होता, म्हणजे मैदानाच्या मधोमध जमिनीलगतचे चेंडू अडवणारा. वीस वर्षांचा, हॉस्पिटलात पोर्टर. दिवसभर स्ट्रेचर ढकलायचा आणि शनिवारी मांजरासारखा चेंडूवर पडायचा. त्याच्यासारखा खेळाडू आमच्याकडे पुन्हा झाला नाही. स्टॉपवॉचवाले आणखी दोघं येऊन गेले. मी हसून त्यांच्या हातात वही द्यायचे. एकानं ती उलटी धरूनही वाचून पाहिली.

एका शनिवारी सामना संपल्यावर तो पोर्टर माझ्याशेजारी येऊन बसला.

"मिसेस डॉक्टर, तुम्ही सगळं लिहिता. खरं सांगा. मी वाईट खेळतो का?"

"कुणी सांगितलं?"

"कुणीच काही सांगत नाही. पिचरला बघायला लोक यायचे. तुमच्या मुलाला बघायला यायचे. मला बघून जातात आणि परत येत नाहीत."

तो बुटांचे बंद सोडत बसला. माझ्या मांडीवर त्याची दोन वर्षं पडलेली होती, देवनागरीत. मी त्याला एवढंच सांगितलं की तू चांगला खेळतोस. त्याला ते पटलं नाही, आणि का पटावं.

त्या आठवड्यात मी त्याचं सगळं इंग्रजीत उतरवून काढलं. मिल्टन कीन्सच्या एका क्लबकडे सपाट मैदान होतं आणि जिल्ह्याबाहेर खेळणारी टीम होती. त्यांना कागद पाठवले, सोबत पत्र लिहिलं. महिन्याभरात त्यांनी त्याला बोलावलं. तिथल्याच हॉस्पिटलात त्याला पोर्टरची जागाही मिळाली. सांगायला तो ड्यूटीच्या कपड्यांतच धावत आला.

कोचला मी स्वतःच सांगितलं. तो गाडीखाली आडवा होता, फक्त बूट दिसत होते.

"पत्र तुम्ही पाठवलंत, मॅम?"

"हो."

एक पाना घरंगळत बाहेर आला. "उजवीकडे झेपावून तो चेंडू अडवतो, ते लिहिलंत का?"

"पहिल्याच परिच्छेदात."

"मग ठीक आहे," कोच गाडीखालून म्हणाला. "तो पाना द्या जरा."

पुढच्या मोसमात आमच्याकडे आठच माणसं उरली, आणि खेळायला नऊ लागतात. नववे म्हणून आमचे डॉक्टर उभे राहिले, वय बावन्न. कोचनं त्यांना उजव्या कोपऱ्यात लांब ठेवलं, कारण तिकडे चेंडू जात नाही. दुसऱ्याच सामन्यात गेला. त्यांनी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला, पडले, आणि चेंडू सोडला नाही. सगळे धावत गेले तेव्हा ते गवतात आडवे होऊन स्वतःचं मनगट तपासत होते.

"फ्रॅक्चर आहे," ते समाधानानं म्हणाले. "अगदी साधं. आउट लिहिलंस ना?"