तीजाला दिलेले अधिकार

त्या प्रकरणातलं मला आजही सगळं आठवतं. फक्त एक गोष्ट आठवत नाही. ती मी मुद्दाम विसरले.

मी चौथी शिकलेली. नवरा पोलिसात होता. तो वारल्यावर त्याच्या जागी मला घेतलं, आणि छत्तीसगडातल्या भिलाईच्या एका ठाण्यातून मी हवालदार म्हणून निवृत्त झाले.

तीजाचा सण होऊन गेला होता, दसरा यायचा होता. सोमवारी सकाळी हजेरी संपते न संपते तोच एक बाई ठाण्यात आली. नवऱ्याच्या मारापासून पळालेली. अशा बायकांना आसरा देणाऱ्या एका संस्थेनं तिला कॅम्प-1 वस्तीतल्या एका खोलीत लपवलं होतं. नवरा थेट त्या दारात उभा राहिला. शेजारी धावले म्हणून ती वाचली. संस्थेनं तिला लगेच सेक्टर 10 च्या एका क्वार्टरमध्ये हलवलं होतं.

ती रडली नाही. म्हणाली, "दीदी, उसको पता किसने दिया? जिसने वो दिया, वो ये वाला भी देगा।"

नेमका प्रश्न तिनंच आधी विचारला. मी तिला ठाण्यातच बसवलं.

पहिला संशय संस्थेतल्या बायकांची ने-आण करणाऱ्या टॅक्सीवाल्यावर. ठाणेदार साहेबांनी त्याला बोलावून उभं केलं. तो म्हणाला, "मैं चौक पर छोड़ता हूँ, साहब। आगे मैडम पैदल ले जाती हैं।" खोटं बोलणारा लांबण लावतो. याचं उत्तर दोन वाक्यांत संपलं. मी त्याला सोडायला सांगितलं.

मग संस्थेचं ऑफिस, स्मृति नगरात. तिथला कॉम्प्युटर पाहणारा माणूस मराठी होता, केस पिकलेला. म्हणाला, "बाई, इथून पत्ता जाणं शक्य नाही. गाड्यांच्या कामावरच्या माणसाला यादीत सगळ्या बायकांच्या ओळी दिसतात, पण पत्ता झाकलेला. समुपदेशक मॅडमला पत्ता दिसतो, पण फक्त स्वतःकडच्या बायकांचा. दोन्ही मी आत्ताच तपासलं." त्यानं दोन्ही उघडून दाखवलं. खरं होतं.

मी समुपदेशक मॅडमकडे वळले. ही बाई तुमच्याकडे कधी आली?

"माझ्यासमोर नाही आली. मी तीजाला मायके गेले होते."

माझे कान टवकारले. तीजा म्हणजे आपली हरतालिका, पण इकडच्या बायका त्यासाठी माहेरी जातातच. ऑफिसं ओस पडतात. मागे उरतो आम्ही मराठी बाया, आणि सगळ्यांचं काम आमच्या गळ्यात. ठाण्यातही दरवर्षी माझ्याकडेच चाव्या यायच्या.

"मग हिचा पत्ता कॉम्प्युटरात कोणी टाकला?"

कोपऱ्यातली गाड्यांचं काम पाहणारी मुलगी उठली. आमच्याच मराठी मुलखातली, वडील स्टील प्लांटात. "मी टाकला, काकू. मॅडम नव्हत्या, तं मले त्याईचं काम देलं होतं."

"परत घेतलं?"

"नाही घेतलं वाटते."

कॉम्प्युटरवाला ताडकन उठला. एवढा वेळ त्यानं एकेक काम वेगळं तपासलं होतं. दोन्ही कामं असलेलं माणूस तपासलंच नव्हतं. मुलीच्या नावानं उघडलं, आणि पडद्यावर तिचा आठवड्याचा अहवाल आला: सगळ्या बायका, सगळ्यांचे पत्ते. गाडीच्या कामानं सगळ्या ओळी दिल्या, मॅडमच्या कामानं झाकण काढलं.

"हा अहवाल कोणाकडे जाते वं?" मी विचारलं.

"टॅक्सीमालकाच्या ऑफिसात. कोणाले कधी कोर्टात न्यायचं ते समजावं म्हणून. दर सोमवारी."

"तू पाहत नाहीस?"

"बटन दाबलं का जाते. उघडून कावून पाहू?"

"आजचा?"

"सकाळीच गेला."

त्यात सेक्टर 10 चा पत्ता होता. मुलगी रडायला लागली. "रडणं मग. आधी ते अधिकार काढून घ्या," मी दोघांनाही सांगितलं आणि जीपकडे पळाले. त्या वयात तशी पळाले नव्हते.

जीप आम्ही सेक्टर 10 च्या वळणावरच थांबवली. मी वर्दीत नव्हते, साडीत होते. क्वार्टरांच्या ओळीतून एक माणूस हळूहळू मोटारसायकल चालवत होता, हातात मोबाइल, नजर नंबरांवर. मी आडवी आले आणि गाडीची चावी काढून घेतली.

"क्या ढूँढ रहे हो, भैया?"

"दोस्त का घर।"

"नंबर?"

त्यानं नंबर सांगितला. तिच्याच क्वार्टरचा. तो तिचा नवराच होता.

त्याचा साडू टॅक्सीमालकाच्या ऑफिसात बसायचा; अहवालातला पत्ता त्यानंच पुरवला होता. दोघंही आत गेले.

एका माणसाला दोन कामं दिली की अधिकार दोन्हीकडचे येतात आणि बंधनं दोन्हीकडची सुटतात. काम तपासून भागत नाही. आज त्या माणसाच्या हातात एकूण काय काय आहे, ते पाहावं लागतं. पुढे तीजाहून परतलेल्या ठाण्यातल्या पोरींनी माहेरच्या ठेठरी-खुरमीचा, म्हणजे फराळाचा, डबा उघडायच्या आत मी त्यांच्या चाव्या त्यांच्या हातात ठेवायची.

त्या बाईला तिसऱ्या घरी मीच पोचवलं. दार लावताना तिनं विचारलं, "दीदी, ये पता अब कौन-कौन जानता है?"

"तुम्हारी मैडम।"

"और आप?"

"मैं तो भूल गई," मी म्हणाले.

आणि विसरले.