शनिवारी शिकवणारा गुरू

शेजारच्या रिबकामावशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. शनिवार हा ज्यूंचा शब्बाथ, कामाला मनाई असलेला पवित्र दिवस; त्या दिवशी त्या चूल पेटवत नाहीत, मोबाइललाही हात लावत नाहीत. मुलगा डॅनियल वारल्यापासून इतर दिवशी मात्र ज्यू गूढविद्या शिकवणाऱ्या एका गुरूचे व्हिडिओ बघतात, त्याच्याशी मेसेजवर बोलतात.

“तू शिकलास. सांग, हा माणूस खरा आहे का रे?”

माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर पत्ता लिहून त्यांनीच मला शिकायला धाडलं होतं. पण पदवीने मला आत्म्याबद्दल काहीच शिकवलं नव्हतं. मी फक्त त्या गुरूच्या वर्गांचं वेळापत्रक पाहिलं.

“मावशी, हा शनिवारी भरदुपारी थेट वर्ग घेतो.”

“ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं, बाळा. पण माझ्या डॅनियलबद्दल विचारणारा तोच एकटा उरलाय.”

खऱ्या-खोट्याची परीक्षा इतकी सोपी होती. भिंतीपलीकडे राहून मी मात्र डॅनियलचं नाव कित्येक महिन्यांत काढलं नव्हतं.