मोहाखालच्या साड्या

लग्नाच्या मांडवात एक अनोळखी गृहस्थ तुमच्या साडीचा पदर निरखून बघतो आणि हात जोडून विचारतो, "ताई, ही जुनी कधी होणार?" तर तुम्ही काय कराल? नायगावला माझ्या मावसबहिणीच्या लग्नात नवरदेवाच्या आत्याने सरळ आपल्या नवऱ्याला हाक मारली होती. विचारणारा माझा सख्खा मामा. अख्ख्या मराठवाड्यात इतका सरळ आणि इतका लाज आणणारा माणूस दुसरा सापडणार नाही, हे मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे. आम्ही भाचरं त्या दिवशी पंगतीत त्याच्यापासून लांब बसलो. तो मात्र निघताना त्याच आत्याकडून एका साडीचं वचन घेऊन निघाला.

मामा वनरक्षक होता. इस्लापूरच्या पुढच्या डोंगरात त्याने उभी नोकरी काढली आणि एकाही माणसाला पकडलं नाही. गस्तीला निघाला की तो मोठ्याने गात चालायचा, आणि आवाज असा की पाखरंसुद्धा उठून जायची. मग सरपण वेचणाऱ्या बाया काय थांबणार? वरिष्ठांनी विचारलं तर म्हणायचा, अस्वलाचा मुलूख आहे साहेब, चाहूल देऊन चालावं लागतं. पण कुणी ओलं झाड तोडलं की मात्र तो त्या घराच्या अंगणात जाऊन बसायचा. बोलायचा नाही, चहा घ्यायचा नाही. घरची माणसं कुऱ्हाड आणून त्याच्या पायाशी ठेवीपर्यंत तसाच बसून राहायचा. दंडापेक्षा त्याच्या रुसण्याला लोक जास्त भ्यायचे. निवृत्त होऊनही तो गावी परतला नाही, इस्लापूरलाच राहिला.

साड्यांचं खूळ लागलं ते मोहामुळे. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहाची फुलं पहाटे गळतात. डोंगराखालच्या कोलाम आदिवासींच्या बाया ती वेचतात, वाळवून विकतात. पोरांची वह्या-पुस्तकं त्यावरच निघतात. पण झाडाखाली पाचोळ्याचा थर असतो आणि त्यात फिकट पिवळी फुलं दिसत नाहीत. म्हणून आधी पाचोळा पेटवून जागा मोकळी करायची, ही तिथली जुनी रीत. एखादे वर्षी वारा फिरतो आणि तीच आग डोंगर चढते. तीन उन्हाळ्यांमागे चढली. सागाची रोपं गेली, जमिनीवर घरटी करणाऱ्या पाखरांची अंडी गेली. वनखात्याचे नवे साहेब वयाने तरुण. राखेत उभं असताना त्यांचे डोळे भरून आले म्हणतात. त्यांनी गाव जमवून सांगितलं, पुन्हा आग दिसली तर डोंगराची वाट बंद. "प्रवेश बंद" असा फलकही रंगवून घेतला.

मी नांदेडहून तडक निघाले. लहानपणी मला गोष्टींच्या पुस्तकांआधी चळवळीची पत्रकं वाचायला मिळाली, त्यामुळे संताप आला की माझ्या हातून पत्रकच होतं. पिढ्यान्‌पिढ्या जंगल राखणाऱ्यांनाच जंगलबंदी कशी, असं जळजळीत लिहून मी मामापुढे ठेवलं. त्याने चष्मा पुसून दोनदा वाचलं. "लई भारी लिवलंस, माय. एकबी शब्द खोटा न्हाई," म्हणाला. मग ते पत्रक त्याने अंगणात अंथरलं आणि मागे सरकून बघत राहिला. "पर झाडाखाली अंथराया लहान पडून राहिलंय."

मी चिडले. पत्रक बाजूला सारून त्या बायांना गुन्हेगार ठरवायला हा माणूसही निघाला की काय, असं तोंडावर विचारलं. मामा कधी आवाज चढवत नाही. "पेटवणारी बाई चोर न्हाई," तो म्हणाला. "पर भाजलेलं अंडंबी खोटं न्हाई. दोघांचंबी बघावं लागतंय."

आणि दुसऱ्या दिवशी त्याने मामीच्या दोन साड्या शिवून जोडल्या आणि एका मोहाखाली पसरल्या. पहाटे फुलं साडीवर, पाचोळा साडीखाली. काडी ओढायचं कामच उरलं नाही. फुलं वेचायला आलेली एक कोलाम आजी पोट धरून हसली. "गार्डसाहेब, झाडाला लुगडं नेसवून राहिले का?" दोन दिवसांनी तीच आपल्या झाडासाठी एक मागायला आली.

तेव्हापासून मामाचा पाय घरात ठरेना. हिमायतनगरपासून लातूरपर्यंत एकही सोयरा त्याने सोडला नाही. लातूरची मावशी तर मामा येणार म्हटलं की वाळत घातलेले कपडे आत घेते. त्यात पुन्हा निवड. सुताची नको, दवाने कुजते, नायलॉनची द्या. आमच्या घरून त्याने गाठोडं नेलं तेव्हा त्यात चुकून आईचा लग्नातला हिरवा शालू गेला. आई पहिल्या बसने इस्लापूरला; मी मागोमाग. ती भांडायच्या तयारीनेच डोंगरावर चढली. मोहाखाली शालू पसरला होता, जरीवर फुलं पडली होती, आणि ती कोलाम आजी चपला लांब काढून ठेवून नुसत्या काठाकाठाने वेचत होती. "ह्याच्यावर पाय ठिवावं वाटंना, बाई," ती म्हणाली. आई पदर खोचून दुसऱ्या काठाला बसली आणि वेचू लागली. शालू तिने परत आणला, पण त्याच आठवड्यात घरातल्या सगळ्या नायलॉनच्या साड्या पाठवून दिल्या. शालूला अजून मोहाचा वास येतो. आई तो धुवायला देत नाही.

डोंगराच्या वरच्या अंगाला एक मोह मात्र मामाने उघडाच ठेवलाय. तिथे कुणी वेचायचं नाही. मी कारण विचारलं. "त्ये अस्वलाचं हाय," तो म्हणाला. "त्येला साडी कोण दील?"

त्यानंतर डोंगराला आग लागलेली नाही. पण काट्यांनी आणि उन्हाने साड्यांच्या चिंध्या झाल्यात, आणि मामाचे गुडघे गेलेत. आता त्याला बसमध्ये चढवत नाही. तो स्टँडसमोरच्या ओट्यावर बसतो आणि हिमायतनगरहून आलेल्या गाडीतून उतरणाऱ्या साड्या बघत राहतो. एकदा दिलेल्या साड्यांच्या चिंध्या झाल्यावर पुन्हा विचारायची हिंमत आता त्याच्यात राहिलेली नाही, आणि त्याचं ते गप्प बसणं मला बघवत नाही. पलीकडच्या उतारावर कितीतरी मोहांखाली अंथरायला काही नाही. तिथल्या बायांच्या कनवटीला काडेपेटी अजून आहे. साहेबांचा फलक वनखात्याच्या चौकीच्या भिंतीला टेकून उभा आहे, तोंड भिंतीकडे करून. टोपल्या घेऊन जाणाऱ्या बाया रोज त्याच्याकडे बघत पुढे जातात.

तेव्हा हेही पत्रकच समजा. माणसं हाकलून राखलेलं जंगल मला नको, आणि जळालेलं जंगल त्या माणसांच्याही कामाचं नाही. उठा, कपाट उघडा. नेसायची नाही हे ठाऊक असूनही ठेवलेली एक साडी काढा आणि इस्लापूरकडे जाणाऱ्या कुणाच्याही हाती द्या. स्टँडवर साडीवाले गार्डसाहेब कोण हे शेंबडं पोरही सांगेल. विटकी चालेल, फाटकीही चालेल. फक्त फूल खाली पडेल एवढं भोक नको. आणि फुलं गळायच्या आत द्या.