जावईबापूंचा लाल बाण

गादीवाल्यांनी लेकीसाठी जावई शोधला नव्हता; लेकीनेच तो शोधून आणला होता. त्यामुळे तक्रार करायची सोय नव्हती. जावईबापूंच्या कार्डावर ‘स्वतंत्र माहितीपटकार’ असं छापलेलं होतं. स्वतंत्र म्हणजे काय, असं गादीवाल्यांनी एकदा लेकीला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे त्याला कोणी काम सांगत नाही, बाबा." जावईबापूंनी आजवर बरेच माहितीपट सुरू केले होते, आणि सुरू करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

गादीवाले म्हणजे मापात जगणारा माणूस. गादी बोटभर आखूड निघाली तर उसवून पुन्हा शिवायचे. घरात कपाचा कान चुकीच्या दिशेला असला तरी उठून फिरवायचे. पण दुकानामागच्या गोदामात संध्याकाळी त्यांची जाझची मंडळी जमली, की हाच माणूस ट्रम्पेट तोंडाला लावून खुशाल चुकायचा. पियानोवर दातांच्या डॉक्टरीणबाई, ड्रमवर भूगोलाचे निवृत्त सर आणि माणसाएवढ्या उंच डबल बासवर बस दुरुस्त करणारा मेकॅनिक. भिंतीला टेकवलेल्या गाद्या आवाज गिळायच्या, म्हणून शेजारीही सुखात होते.

या चौघांची एक रीत होती. वाजवता वाजवता कोणाचा सूर भलतीकडे पडला, तर बाकीचे थांबायचे नाहीत, भुवईसुद्धा उंचावायचे नाहीत. पुढच्या फेरीत डॉक्टरीणबाई तोच सूर मुद्दाम वाजवायच्या, मेकॅनिक तो खालून उचलून धरायचा, आणि आणखी एका फेरीनंतर तो चुकीचा राहायचाच नाही. त्यांच्या बहुतेक चाली अशाच जन्माला आल्या होत्या. मूळ चूक कोणाची, हे कधी कोणी विचारलं नव्हतं. गादीवाल्यांना चुकायला मोकळी अशी जगात ही एवढीच जागा होती, आणि तिच्यावर त्यांचा फार जीव होता.

नेमकी तीच जागा जावईबापूंच्या डोळ्यांत भरली.

"मामा, तुमच्या सर्जनप्रक्रियेवर फिल्म करतोय," ते जेवताना म्हणाले.

"कशावर?"

"तुम्हाला सुचतं कसं, त्यावर."

"ते आम्हालाच कुठे माहीत आहे?"

"म्हणून तर करायची."

आता जावयाला नाही कसं म्हणणार? गादीवाले गप्प बसले, आणि गप्प बसणं म्हणजे होकार असं धरून चालणाऱ्यांतले जावईबापू होते.

गोदामात कॅमेरे आले, तारा आल्या, दिवे आले. दिव्यांनी गाद्या तापल्या. टक्कल चमकतं म्हणून सरांच्या डोक्याला पावडर लागली. सर म्हणाले, लग्नातसुद्धा एवढी लावली नव्हती. मग जावईबापूंनी एकेकाला वेगळं बसवून खोलात शिरायला सुरुवात केली. "वाजवताना तुमच्या आत काय चाललेलं असतं?" असं त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "पुढचा सूर." हे उत्तर त्यांना फारच उथळ वाटलं. फिल्मला संघर्ष हवा असं त्यांनी कुठल्याशा शिबिरात ऐकलं होतं, आणि इथे तर कोणी भांडायला तयार होईना. "एकमेकांचं काहीतरी खटकत असेलच ना?" असं खोदून खोदून विचारल्यावर मेकॅनिकने बराच विचार करून सांगितलं, "सर बिस्किटं आणतात ना, ती मऊ पडलेली असतात."

शेवटी जावईबापूंनी संघर्ष घरी संगणकावर बसून बनवला. एका चालीचं शूटिंग पुढे-मागे करून पाहताना मंडळींची ती रीत त्यांना सापडली आणि त्यांना आभाळ ठेंगणं झालं. नजर चांगली होती त्यांची, ते नाकारून चालणार नाही. अक्कल तिच्यामागोमाग आली नाही, इतकंच. जिथे सूर घसरला तिथे चित्र थांबवून त्यांनी एक लाल बाण काढला, थेट ट्रम्पेटवर रोखलेला, आणि खाली लिहिलं, ‘चूक इथे झाली’. असे बाण मग जागोजागी आले. बहुतेक सगळे सासऱ्यांवरच, कारण चौघांत सगळ्यात बिनधास्त वाजवणारे तेच होते.

फिल्म एका छोट्या सभागृहात दाखवली. लोकांना ती बेहद्द आवडली. पहिल्या बाणाला हसले, दुसऱ्याला टाळ्या पडल्या, पुढे पुढे तर बाण यायच्या आधीच लोक पडद्याकडे बोटं दाखवू लागले. बाहेर पडताना एक बाई गादीवाल्यांना म्हणाल्या, "तुम्ही किती गोड चुकता हो." गादीवाले हसले, म्हणजे त्यांचे ओठ हलले. जावईबापूंच्या गळ्यात मात्र कोणी ना कोणी पडतच होतं.

पुढच्या वेळी गादीवाले गोदामात कागद घेऊन आले. काय वाजवायचं ते घरी लिहून ठेवलेलं, आणि वाजवलं ते तेवढंच. डॉक्टरीणबाईंनी त्यांना कागदातून बाहेर काढायला म्हणून एक सूर मुद्दाम भलतीकडे टाकला. गादीवाले थांबले आणि हळूच म्हणाले, "तुमचं चुकलं वाटतं." हे वाक्य त्या गोदामात आजवर कोणी उच्चारलं नव्हतं. बाई ‘सॉरी’ म्हणाल्या. त्यानंतर चौघंही सुतासारखे सरळ वाजवू लागले, आणि ते ऐकून झोप लागावी इतकी वाजवण्यात शिस्त आली.

असे काही आठवडे गेले. मग एक दिवस गादीवाल्यांनी पियानो डॉक्टरीणबाईंच्या घरी पोचता केला आणि रिकाम्या जागेत गाद्या रचायला घेतल्या. बातमी कळताच जावईबापू बायकोला घेऊन धावत आले.

"मामा, अहो, आता तर तुम्ही एकदाही चुकत नाही."

"हो ना," गादीवाले म्हणाले. "मग चौघांनी जमायचं कशाला? कागद काय, घरी बसूनही वाचता येतो."

ते आणखी गाद्या आणायला पुढे दुकानात गेले. बायको नवऱ्याकडे वळून म्हणाली, "माझ्या बाबांकडे एवढी एकच गोष्ट होती. ती तू संपवलीस. आणि लोकांनी तुझं कौतुक केलं, म्हणून तुला ते कळलंसुद्धा नाही."

जावईबापूंना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. डोळे पुसत त्यांनी खांद्यावरची पिशवी उघडली, कॅमेरा बाहेर काढला आणि हळुवारपणे म्हणाले, "हेच परत एकदा म्हणशील? जरा इकडे, दिव्याखाली ये."

बायकोने दिवा घालवला आणि ती वडिलांना हातभार लावायला पुढे दुकानात निघून गेली.