सुलभाच्या वतीने दिलेले नकार

काल संध्याकाळी अण्णा माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "मॅडम, तुमी एकट्याच राहता न्हाई का?"

म्हणून हे लिहिते आहे.

खरं तर आज फक्त सुलभाबद्दल लिहायचं होतं. आज सकाळी तिचं दहावं झालं.

तुम्ही तिला मंत्री म्हणून ओळखत होतात. मी अंबाजोगाईच्या हॉस्टेलपासून. मेसच्या पाणीदार वरणावरून आम्ही सगळ्या कुरकुर करायचो. ती ताट उचलून थेट प्राचार्यांच्या टेबलावर ठेवून आली होती.

जिल्हा परिषद, मग आमदार, मग राज्यमंत्री.

मधल्या काळात तिने आष्टीजवळ दूध थंड करायचा प्लांट टाकला. लोक त्याला 'ताईची डेअरी' म्हणतात. आसपासच्या बायका तिथे दूध घालतात.

मंत्री झाली आणि नेमकं दुधाचंच खातं मिळालं.

लगेच फोन. "आता मला डेअरीत बसता येत न्हाई गं. मंत्र्याने धंदा चालवायचा न्हाई, असा नियम हाय. तू बघ."

"मी इतिहास शिकवून रिटायर झाले. मला दुधातलं काय कळतं?"

"दुधातलं कळणारे लई हायत. मला न्हाई म्हणणारी पाहिजे."

कुणाला नाही म्हणायचं, ते नंतर कळलं.

अण्णा म्हणजे तिचे थोरले दीर. नवरा गेल्यावर तिला राजकारणात त्यांनीच आणलं. पहिल्या निवडणुकीत गावोगाव तेच फिरले. हे खरं आहे आणि ते मी नाकारत नाही.

पण मंत्रालयात सुलभा आत आली की अधिकारी उभे राहायचे. घरात अण्णा आले की सुलभा उभी राहायची. डोक्यावर पदर, नजर खाली. त्यांच्यासमोर ती कधी खुर्चीवर बसली नाही.

"अगं, तू मंत्री आहेस," मी एकदा चिडून म्हणाले.

"मुंबईत," ती म्हणाली.

ज्यांच्यासमोर बसता येत नाही, त्यांना नाही कसं म्हणणार? म्हणून मध्ये मी.

अण्णांना डेअरीची जागा तारण ठेवून खडी क्रशरसाठी कर्ज काढायचं होतं. सुलभा म्हणायची, "भाऊजी, आता माझ्या हातात काय न्हाई. मॅडमला विचारा."

ते माझ्याकडे यायचे. मी नाही म्हणायचे. ते हसून चहा पिऊन जायचे.

ती भोळी होती, असं मी म्हणणार नाही. क्रशर, पेट्रोल पंप, हायवेलगतची जमीन. तिच्या नावावर काय काय चालतं, त्यातलं काही तिला पेपरात वाचून कळायचं. काही आधीपासून माहीत असायचं.

"थांबव हे," मी सांगितलं.

"माझ्या घरात चार दिवस राहून बघ. मग सांग."



तेव्हा मला भीती वाटत नव्हती. नकार मी देत होते, पण माझ्यामागे मंत्री उभी होती.

शेवटी पुण्याच्या हॉस्पिटलमध्ये तिने मला जवळ बोलावलं. खोलीत आम्ही दोघीच होतो. तरी ती कुजबुजत बोलत होती.

"मी गेले की सही मागायला येतील. सगळं ऋतुजाला दे. भाऊजींना न्हाई."

ऋतुजा तिची मुलगी. आजारपणात आईने तिला डेअरीच्या कंपनीत संचालक म्हणून घेतलं होतं. पण चेकवर सही माझी आणि किल्ल्याही माझ्याकडे.

आणि काल अण्णा आले.

बरोबर दोघं होते. ते दोघं आत आले नाहीत. फाटकाला टेकून माझ्या खिडक्यांकडे बघत राहिले.

"या वयात कशाला डोक्याला ताप?" अण्णा म्हणाले. "कारभार माझ्याकडं दिला म्हणून एक सही करा. मोकळ्या व्हा."

"ऋतुजाशी बोलते."

"पोरीला काय कळतंय? आपल्यातच मिटवू." मग कप खाली ठेवून म्हणाले, "तुमची भाची बीडला असती ना? स्कूटीवरच जाती-येती म्हणं."

आवाज चढवला नाही. कप स्वतः उचलून ओट्यावर नेऊन ठेवला.

पोलिसांत का गेला नाहीत, असं विचारू नका. चहा प्यायला आलेल्या माणसाची काय तक्रार लिहून देऊ?

ते गेल्यावर मी भाचीला फोन केला. काही दिवस कॉलेजला बसने जा, एवढंच सांगितलं.

आज दहाव्याला श्रद्धांजलीची भाषणं झाली. पुढारी बोलले. मग कुणीतरी माझं नाव पुकारलं. मांडवात सगळा तालुका होता, डेअरीत दूध घालणाऱ्या बायका होत्या, आणि अण्णा पुढच्या रांगेत.

मी माइक हातात घेतला.

म्हटलं, "सुलभाने माझ्याकडे ठेवलेलं मी तिच्या मुलीला देते आहे. ऋतुजा, इकडे ये."

ती आली. दिलं.

अण्णांनी हात जोडले. जेवणाच्या वेळी जवळ येऊन म्हणाले, "मॅडम, घरी सोडायला गाडी देतो."

मी दुधाच्या टेम्पोत बायकांमध्ये बसून घरी आले.

आता ते ऋतुजाकडे जातील. ती आष्टीतच राहणार आहे. मैत्रिणींनो, तिच्याकडे जात जा. रोज कुणीतरी जा. चौघी-पाचजणी मिळून जा आणि जाताना लोकांना दिसू द्या.

सुलभा, तुझ्या वतीने शेवटचा नकार दिला. तुला माझा नमस्कार.

नोंद असावी: प्लांटच्या आणि ऑफिसच्या किल्ल्या, कंपनीचा शिक्का, चेकबुक आणि यापुढे सही ऋतुजाची राहील असं बँकेला माझ्या सहीचं पत्र. हे सर्व आज दहाव्याच्या मांडवात, सगळ्यांदेखत, ऋतुजाच्या हाती दिलं. माझ्या घरात आता डेअरीचं काहीही नाही.