नंदिनीच्या खिशातली चावी

कंपनीची बस गावच्या फाट्यावर थांबली. उतरताना नंदिनीने रुमालासाठी खिशात हात घातला. हाताला चावी लागली. कारखान्यातल्या दगड फोडणाऱ्या क्रशरच्या स्विचला सकाळी दुरुस्तीआधी तिने लावलेल्या कुलपाची.

मोबाइल बंद पडलेला. ती धावत घरी गेली; वडिलांनी लगेच मोटरसायकल काढली. सिमेंट कारखान्यात ॲप्रेंटिस म्हणून लागून तिला महिनाही झाला नव्हता. आता काढूनच टाकतील, एवढंच वाटेभर तिच्या डोक्यात.

कुलूप लावायला शिकवलं होतं गुणवंतरावांनी. गडचिरोलीकडची धानाची शेती भावावर सोडून आलेले हे फिटर; धुळीने भुवयासुद्धा पांढऱ्या. 'आयसोलेट' म्हणजे 'वेगळे करणे', एवढंच नंदिनी आयटीआयत शिकली होती. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "बटन बंद केलं त मशीन झोपली समज, बाई. कोणीबी उठवीन. आयसोलेट म्हणजे मेन स्विच खाली, त्याले कुलूप, अन् चावी ज्याची त्याच्या खिशात. जेवढी माणसं आत, तेवढी कुलपं. मंग बटन दाबून पाहाचं. हलली नाई, तवाच आत पाय."

ती पोचली तेव्हा क्रशर गप्प होता. स्विचच्या पेटीवर तिच्या कुलपाशेजारी गुणवंतरावांचंही कुलूप. ते तर त्यांनी दुपारीच काढलं होतं!

सुपरवायझर हेमराज कटर घेऊन उभा होता. "आल्या मॅडम! मी त केव्हाचंच कापलं असतं. या बुढ्यानं हात धरला."

तेवढ्यात क्रशरच्या तोंडातून बॅटरी घेतलेले गुणवंतराव बाहेर आले. हाका मारून घसा बसलेला.

"आत काऊन गेले, भाऊ?" नंदिनीने विचारलं.

"तुले पाहाले. कुलूप इथी, फोन लागत नाई. गेटवाला म्हणे बसमंदी गेली. त्यानं दुसरीच पोरगी पाह्यली असंन त?"

नंदिनीने चावी पुढे केली.

"रिपोर्ट लिहा लागते," हेमराज पुटपुटला.

"माह्या नावानं लिही. शिफ्ट सुटताना कुलपं पाहाचं काम माहं होतं." त्यांनी आपलं कुलूप काढलं आणि ते बाजूला झाले. "तुहं तूच काढ."

हेमराजने कटर खाली ठेवला. नंदिनीने कुलूप उघडलं. भोंगा वाजला, क्रशर घरघरला.

मग तिने खिशातला रुमाल काढला आणि गुणवंतरावांच्या पाठीवरची धूळ झटकू लागली. ते नको नको म्हणत राहिले.