पाण्यावर न विचारायचा शब्द

जहाजाच्या भोंग्यावरून माझ्या थोरल्या जावेचं नाव तिसऱ्यांदा पुकारलं, तेव्हा माझा मुलगा कठड्यावरून खाली पाण्यात बघायला लागला. सून रडत नव्हती, पण तिने नातीचा हात इतका घट्ट धरला होता की नात रडत होती. चहूकडे पाणी, लांबवर एका बेटाची हिरवी रेघ, आणि पांढऱ्या कपड्यातला एक अधिकारी मला पुन्हा पुन्हा विचारत होता, "माताजी आखिरी बार कहाँ दिखी थीं?" मी त्याला म्हटलं, बाबा, तोच शब्द तर सगळ्या भानगडीचं मूळ आहे. त्याला काही कळलं नाही. तुम्हालाही कळायचं नाही, म्हणून आधी माझी जाऊ सांगते. "कुठे" हा शब्द तोंडातून न काढता म्हातारी झालेली बाई सगळ्या पालघर जिल्ह्यात एकच आहे, आणि ती माझ्याच ओटीवर बसलेली असते.

आमच्या किनाऱ्याला रीत अशी की होडीवर निघालेल्या माणसाला "कुठे चाललास" म्हणून विचारायचं नाही. विचारलं की जाळी रिकामी येतात, किंवा त्याहून वाईट होतं. बाकीच्या बायका ही रीत उंबऱ्यापुरती पाळतात. नवरा वळणाआड गेला की कुठे काय झालं, कुठे कोण पळालं, गावभर हेच चालू. माझ्या जावेने मात्र रीत धरली ती धरलीच. चष्मा हरवला तर ती कुणाला विचारत नाही. ओटीवर बसून भिंतीला सांगते, "चष्मा दिसत नाय." मग ज्याला कीव येईल त्याने उठावं. बोईसरच्या डॉक्टरने तिला एकदा विचारलं, "आजी, कुठे दुखतंय?" ती त्याच्याकडे अशी बघत राहिली की त्यानेच घाबरून तिच्यासाठी पाणी मागवलं. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "मानूस बरा हाय गो, पन इचारतो लय." घरात कुणी बाहेर निघालं की तिचा आपला एकच प्रश्न, "कवा येशील?" जाणारा जातो कुठे, याच्याशी तिला देणंघेणं नाही. परत कधी येतो तेवढं तिला सांगून जायचं.

एकदा पालघरजवळच्या माहीमला हळदीला जायचं होतं. मी आदल्या दिवशीच पुढे गेले होते. ही मागून एकटी निघाली आणि पालघरच्या स्टँडवर पहिली दिसली त्या गाडीत चढली. पाटी वाचता येत नाही, आणि गाडी कुठे जाते ते विचारायचं नाही. गाडी गेली एडवणला. उतरल्यावरही हिने कुणाला काही विचारलं नाही. समोर एका दारात मांडव दिसला, तिथे जाऊन बसली आणि हळद वाटायला घेतली. त्या घरच्यांना वाटलं नवऱ्याकडची कोणी मावशी असेल. रात्री जेवणं झाल्यावर कळलं की लग्न वेगळं आणि मावशीही वेगळी. पण तोवर तिने अर्धी हळद वाटून दिली होती आणि आचाऱ्याला दोनदा झापलं होतं. त्यांनी तिला लग्न लागेपर्यंत सोडलं नाही. परत आली ती नवरीच्या धाकट्या बहिणीची वाखाणणी करतच. तीच मुलगी आज माझी सून आहे. सुनेशी माझं वाजलं की मी म्हणते, "चुकीच्या गाडीतून आलीस." ती म्हणते, "तुमी बरोबर गाडीतून येऊन काय दिवं लावलं?" घर असं चालतं.

बेटांच्या सफरीचं खूळ माझ्या मुलाचं. तो तारापूरच्या कारखान्यात आहे. बारा महिने त्या धुरात नाक घालून बसतो, म्हणून त्याला निळं पाणी बघायचं होतं. मुंबईहून जहाज निघतं, लक्षद्वीपची बेटं दाखवून परत आणतं, सगळ्यांनी जायचं, असं त्याने ठरवलं. माझ्या नवऱ्याने पहिल्याच दिवशी हात वर केले. "मी दर्या बघितलाय," एवढंच म्हणाला आणि लसूण सोलत बसला. त्याच्या मागे कुणी लागलं नाही. होडी बुडाली त्या दिवसापासून त्याने घोट्याच्या वर पाणी लागू दिलेलं नाही. त्याआधी तो दर्यावरच राहायचा. नंतर तो बोईसरला एका कारखान्याच्या फाटकावर राखणीला बसला आणि म्हातारा होईपर्यंत तिथेच बसून राहिला.

त्या होडीवर तांडेल, म्हणजे होडी चालवणारा म्होरक्या, होता जावेचा नवरा, म्हणजे माझा थोरला दीर. माझा नवरा त्याच्या हाताखाली. वारा फिरला आणि होडी ठरल्या दिवशी आली नाही, तेव्हा गावातल्या दुसऱ्या होड्या शोधायला निघाल्या. पुरुष दारात येऊन माझ्या जावेला विचारायला लागले, "वयनी, तांडेल कुनीकडं जातो म्हनला?" तिला ठाऊक नव्हतं. तिने विचारलंच नव्हतं. मलाही ठाऊक नव्हतं, पण दिशा तांडेलाच्या डोक्यात असते, म्हणून मला कुणी विचारायला आलं नाही. ती दाराची चौकट धरून सगळ्यांना एकच सांगत राहिली, "परवा येतो म्हनला. परवा येतो म्हनला." होड्या अंदाजाने गेल्या.

इतक्या वर्षांत ह्या गोष्टीवर आमच्या घरात एक शब्द निघालेला नाही. होडी बुडाली ती जागा माझ्या नवऱ्याला ठाऊक आहे. त्याचं म्हणणं, जिचा माणूस गेला तिने विचारलं तर सांगेन, आपण होऊन तिच्या तोंडावर कसं सांगू. ती विचारत नाही, कारण तो शब्द तिच्या तोंडात नाही. मी दोघांच्या मधे बसून भाकऱ्या भाजते.

जाऊ यायला तयार झाली याचंच मला नवल वाटलं. आमच्यात बायका होडीत बसत नाहीत. होडी किनाऱ्याला लागली की पुढचं काम आमचं, पाटी डोक्यावर घ्यायची आणि बाजार गाठायचा. जन्म समुद्राच्या काठावर गेला, पण काठावरून समुद्र दिसतो, समुद्रावरून काठ कसा दिसतो ते आम्हाला ठाऊक नव्हतं. मी तिला म्हटलं, "ह्या वयात कशाला?" ती म्हणाली, "त्यांना कसा दिसत असंल, ता बघायचा." एवढं बोलली आणि पिशवीत सुकट भरायला लागली. जहाजावर जेवण मिळतं, हे सांगून उपयोग झाला नाही.

जहाजावर चढायच्या पुलावर तिने चपला काढल्या. होडीत कुणी चपला घालून चढत नाही, ती देवी. मग जहाजाला हात लावून तो कपाळाला लावला. मागची रांग थांबली. चाकांची पेटी घेतलेली एक बाई म्हणाली, "आंटी, चलिए ना." जाऊ म्हणाली, "थांब गो, पाया पडून घे. आठ दिस तिच्या पोटात ऱ्हायचाय." ती बाईही खरंच पाया पडली. नंतर सगळ्या सफरीत जाऊ अनवाणी. चपला काखेत. गालिच्यावरून, काचेच्या जिन्यावरून, जेवणाच्या दालनातून, काखेत चपला. जहाजावरच्या पोरींनी तिला मऊ पांढऱ्या सपाता आणून दिल्या, त्यांच्या मनाला लागू नये म्हणून तिने त्याही दुसऱ्या काखेत घेतल्या. फक्त खोलीपाशी आली की चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवायची आणि आत जायची. पोहायचा तलाव बघून म्हणाली, "पान्याच्या वर पानी कशाला घालून ठेवलाय?" 

वरती नाच होते, जादूचे खेळ होते. तिने त्यातलं काही बघितलं नाही. खोलीतल्या टीव्हीवर एक निळा नकाशा यायचा आणि त्यात एक पांढरा टिपका. नात म्हणाली, "आजी, हा टिपका म्हणजे आपण. आपलं जहाज आता इथे आहे." जाऊ टीव्हीच्या इतकी जवळ गेली की काचेवर वाफ धरली. "नेमी असतो हा?" तिने विचारलं. "रातीबी?" नात म्हणाली, "नेहमी." मग ती तिथून हलेना. सकाळी उठली की टिपका, जेवून आली की टिपका. आम्ही वर बोलवायला गेलो की म्हणायची, "तुमी जा. मी लक्ष ठेवते." जहाज चालवणाऱ्याचं लक्ष नसेल, पण हिचं होतं.

ती हरवली त्या दिवशी आमच्या खोलीतला टीव्ही बंद पडला होता. आम्ही सगळे वर होतो. तिने थोडा वेळ काळ्या पडद्याकडे बघितलं असेल, मग चपला काखेत घेऊन बाहेर पडली असेल. आता त्या जहाजात सगळे मजले सारखे आणि सगळी दारं सारखी. माणूस एका वळणावर चुकला की त्याने कुणाला तरी विचारावं. ही विचारणार नाही, ते मला ठाऊक होतं. माणसं तळघरापासून शोधत होती, मुलगा पाण्यात बघत होता. मी त्याला म्हटलं, "पाण्यात बघू नको. कधी येईन ते सांगितल्याशिवाय ती जायची नाही." म्हटलं खरं, पण मीही एकदा खाली बघून घेतलं.

मी सगळे मजले एकेक करून चालले. लांबलचक गल्ल्या, दोन्ही बाजूला बंद दारं. एका गल्लीत एका दाराबाहेर चपला दिसल्या. झिजलेल्या, निळ्या पट्ट्यांच्या, नीट जोडलेल्या. सगळ्या जहाजात दाराबाहेर चपला असलेली तेवढी एक खोली. मी न ठोठावता आत गेले. पलंगावर एक गुजराती म्हातारा आणि त्याची बायको बसली होती, मधे माझी जाऊ, तिघंही टीव्हीवरच्या टिपक्याकडे बघत. गाठिया खाणं चालू होतं, आमच्या सुकटीची पुडी उघडी होती, तिला त्यांनी अर्थातच हात लावला नव्हता. भोंगा त्यांनाही ऐकू आला होता, पण नाव हिचं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि हिला ते नाव आपलं वाटलं नाही. कागदावरच्या नावाने तिला लग्नानंतर कुणी हाक मारलेली नाही.

मी म्हटलं, "सगळं जहाज शोधतंय तुला. तोंड नव्हतं का? खोली कुठे म्हणून विचारायचं."

"पान्यावर इचारू नये."

"तू पान्यावर नाहीस. तू ह्यांच्या गादीवर आहेस."

ती हसली नाही. पडद्याकडे बोट करून म्हणाली, "हा बघ. कुनी इचारत नाय, आपलाच सांगते. हितं हाय, हितं हाय. आपल्या होडीला असा टिपका असता गो, तर मी रातभर बसले असते."

गुजराती बाईला भाषा कळली नाही, पण तिने गाठियाची पिशवी बाजूला ठेवली.

मी गोड बोलणारी बाई नाही. मी म्हटलं, "टिपका नव्हता. पण जागा ठाऊक असलेला माणूस होता. अजून हाय. घरी लसूण सोलत बसलाय. त्याला इचार."

तिने चपला उचलल्या, काखेत घेतल्या आणि माझ्यामागून चालायला लागली.  मुलाने तिला बघितलं आणि लहान पोरासारखा तिच्यावर ओरडला. ती म्हणाली, "झाला आता. जेवलास का?"

शेवटच्या बेटावर लहान होड्यांतून नेलं. पाणी असं की गुडघाभर आत उभं राहिलं तरी पायाची नखं मोजावीत. पांढरी वाळू, तिच्यावर आपलीच सावली, सावलीतून मासे जातायत. नात किंचाळत होती, सून साडी भिजवून बसली होती. जाऊ पाण्यात उभी राहून खाली बघत होती, खूप वेळ. मी जवळ गेले. ती म्हणाली, "तळ दिसते गो." मी म्हटलं, "दिसतो." ती म्हणाली, "आपला दर्या गढूळ. कायबी पडला तरी दावत नाय." तिथे ती पहिल्यांदा म्हातारी दिसली मला. मी तिच्या काखेतल्या सपाता घेतल्या, तेवढंच मला सुचलं.

घरी आलो तेव्हा ऊन कलत होतं. माझा नवरा ओटीवर होता. मुलाने फोनमधले फोटो दाखवायला घेतले, तो बघितल्यासारखं करत होता. जाऊ पिशवी खाली न ठेवता त्याच्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, बेटावरून त्याच्यासाठी आठवणीने आणलेला शंख देईल. तिने दिला नाही.

"भावजी," ती म्हणाली, "कुठं?"

 मुलाला वाटलं ती काहीतरी शोधतेय, तो म्हणाला, "काय कुठं, काकी?" मी त्याला गप्प केलं.  माझ्या नवऱ्याने हातातला फोन मुलाला दिला, तो उठला, आणि चपला न घालता चालायला लागला. जाऊ त्याच्यामागून. मी दारातच थांबले. ते किनाऱ्यावर गेले, आणि तो पाण्यात गेला. आधी घोटे, मग पिंढऱ्या, मग धोतराचा काठ भिजला. तिथे उभं राहून त्याने हात लांब केला आणि दाखवलं. कारखान्याच्या चिमणीचा लाल दिवा पाण्यात बुडेपर्यंत जायचं आणि मग डावीकडे, असं काहीतरी तो सांगत असावा. वाऱ्यामुळे मला ऐकू आलं नाही. तो पुष्कळ बोलला. एवढं तो माझ्याशी लग्नापासून बोललेला नाही.

अजूनही ती चष्मा भिंतीलाच मागते. तो शब्द तिने परत वापरलेला नाही, एकदाच लागणार होता. पण संध्याकाळी ओटीवर बसते, ती आता सगळ्या समुद्राकडे बघत नाही. एका जागी बघते. माझा नवरा तिच्या शेजारी लसूण सोलतो आणि मान वर करतो तेव्हा त्याच जागी बघतो.

होडीवर पाच जण होते. वाचला तो माझा नवरा.